पेडल स्टील गिटार: एका वाद्ययंत्राची कुळकथा

वाद्यांचा इतिहास म्हणून जो लिहिला जातो तो बहुधा वाजविणारांचा इतिहास असतो. अमुक गवई कोणापाशीं शिकला, कोणत्या सभेंत त्यानें काय वाजविलें, हें आपण आवडीनें वाचतों. परंतु ज्यानें खुंटी तासली आणि ज्यानें घोडीची जवारी काढली त्याचें नांव क्वचितच मागें उरतें. पेडल स्टील गिटार ह्या अमेरिकन वाद्याच्या बाबतींत ही उणीव फार जाणवते. ह्या वाद्याची अर्धी विद्या वाजविणाराच्या हातांत असते. उरलेली अर्धी वाद्याच्या पोटांत दडलेल्या सळया, तरफा आणि स्प्रिंगा यांच्या जुळणींत असते. हीं यंत्रें ज्यांनीं घडविलीं ते पंडित नव्हते. बहुतेक कारखान्यांत किंवा घरामागच्या पडवींत काम करणारे कारागीर होते. त्यांनीं ग्रंथ लिहिले नाहींत. त्यांनीं जें लिहिलें तें धातूवर, आणि तें वाचावयाचें तर आधीं त्यावरची मळी काढावी लागते.

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक निमित्त घडलें. आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त बरींच वर्षें अमेरिकेंत आहेत. त्यांनीं तेथें जुन्या सामानाच्या एका विक्रींत असें एक वाद्य घेतलें. आम्ही त्यांच्याकडे उतरलों होतों तेव्हां तें वाद्य टेबलावर उताणें पडलें होतें. वरून पाहिलें तर मेपल लांकडाची एक चिंचोळी पेटी, तीवर दहा तारा आणि खालीं चार पाय, एवढाच संसार. परंतु पोटाचें झांकण काढतांच आंत जें दिसलें तें पाहून वाद्यापेक्षां एखाद्या शिवणयंत्राची किंवा टंकलेखनयंत्राची आठवण व्हावी. त्या सर्वांवर वाळलेल्या तेलाचा पिंगट थर बसला होता. पेडल दाबलें कीं सूर चढे. पाय उचलला कीं तो खालीं येई खरा, परंतु मूळ जागीं येत नसे. स्नेह्यांस दोन प्रकारचे सल्ले मिळाले होते. एक असा कीं, जुनें यंत्र काढून टाकावें आणि नवें बसवावें. दुसरा असा कीं, आहे तेंच स्वच्छ करावें. ह्या दोहोंतून कोणता मार्ग घ्यावा हें ठरविण्यापूर्वीं तें यंत्र तेथें कां आलें हें समजून घेणें अवश्य होतें. ती हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देतों.

ह्या वाद्याचें मूळ हवाई बेटांत आहे. १८३० च्या सुमारास मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांबरोबर गिटार तेथें पोंचली. हवाई लोकांनीं तिच्या तारा सैल करून त्या अशा लाविल्या कीं पडद्यावर बोट न ठेवितां सर्व तारा एकदम छेडल्या तरी गोड स्वरसंघ निघावा. पुढें ओआहू बेटावरील लाइए गांवच्या जोसेफ केकुकू नांवाच्या मुलानें १८८५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षीं, तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून पाहिला, असें सांगतात. रेल्वेच्या रुळांजवळ सांपडलेला एक बोल्ट त्यास कारण झाला, अशी आख्यायिका आहे. ह्या शोधाचे दुसरेहि दावेदार आहेत, आणि त्यांत गॅब्रिएल डेव्हियन नांवाचा हिंदुस्थानांत जन्मलेला एक खलाशी आहे, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. तारेवर गुळगुळीत वस्तु घासून सूर काढण्याची युक्ति आपल्याकडील विचित्रवीणेंत आणि दक्षिणेंतील गोट्टुवाद्यांत आहेच. त्यामुळें ही कल्पना त्यानें मायदेशाहून नेली असावी असा तर्क पुष्कळांनीं केला आहे. अभिमानाला गोड वाटणारा तर्क पुराव्यावांचून स्वीकारूं नये, हें इतिहासाचें पहिलें पथ्य. म्हणून आम्ही त्यावर फार भार टाकीत नाहीं. केकुकूनें मात्र ही कला पद्धतशीर वाढविली, १९०४ मध्यें तो ती घेऊन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, आणि १९३२ मध्यें न्यू जर्सींत वारला, हें निर्विवाद आहे. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनांत हवाई गाण्याचा जो बोलबाला झाला त्यानें ही गिटार अमेरिकेच्या घराघरांत शिरली.

तिच्यांत एक उपजत अडचण होती. पोलादी कांडी सरळ असते. बोटें जशीं वेगवेगळ्या तारांवर वेगवेगळ्या पडद्यांवर ठेवितां येतात तशी ती वांकवितां येत नाहीं. तारा ज्या स्वरसंघांत लाविल्या असतील तोच स्वरसंघ कांडी वरखालीं सरकवून चढा अथवा उतरा काढावयाचा, एवढेंच तिला साधतें. एकेका स्वराची चाल असलेल्या गाण्याला एवढें पुरतें. परंतु पाश्चात्य संगीताचा जीव स्वरसंघांच्या पालटांत आहे. कांहींनीं कांडी तिरपी धरून पाहिली. कांहींनीं एकाच वाद्याला दोन, तीन, चारहि दांड्या बसवून प्रत्येक दांडी निराळी लाविली. १९३१-३२ मध्यें जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या मंडळीनें ओतीव ॲल्युमिनियमची विजेची गिटार केली. तिच्या आकारावरून तिला लोक तळणाचा तवा म्हणत. विजेवर चालणारी ही पहिली यशस्वी गिटार मांडीवर घेऊन वाजवावयाची स्टील गिटारच होती, ही गोष्ट आज पुष्कळांस ठाऊक नसते. विजेनें आवाज मोठा झाला. कांडीची अडचण तशीच राहिली.

त्या अडचणीवरचा तोडगा दुसऱ्याच एका वाद्यांत शतकापूर्वीं तयार होता. सेबास्टियन एरार ह्या फ्रेंच कारागिरानें १८१० मध्यें हार्प वाद्यासाठीं सात पेडलांची अशी रचना केली कीं, प्रत्येक पेडलाला तीन ठाणीं असावींत आणि त्यानें त्या त्या नांवाच्या साऱ्या तारा अर्ध्या अर्ध्या स्वरानें चढाव्यात. हीच कल्पना १९४० च्या आगेंमागें गिब्सन कंपनीनें स्टील गिटारला लाविली, आणि त्या वाद्याला नांवहि इलेक्ट्राहार्प असेंच दिलें. त्याची पेडलें डाव्या बाजूच्या मागच्या पायाभोंवतीं एकवटलेलीं होतीं. पुढें कॅलिफोर्नियांतील पॉल बिग्सबी ह्या कारागिरानें १९४८ मध्यें स्पीडी वेस्ट ह्या वादकासाठीं जें वाद्य केलें त्यांत पेडलें पुढच्या दोन पायांमध्यें आडव्या दांडीवर ओळीनें बसविलीं. वाजविणारा खुर्चीवर बसून दोन्ही पाय सहज हालवूं शकला. हीच ठेवण पुढें रूढ झाली.

येथवर पेडल म्हणजे केवळ एक सोय होती: गाणें सुरू होण्यापूर्वीं किंवा दोन ओळींच्या मध्यें पाय दाबावा, तारांची लावणी पालटावी, आणि पुढें वाजवावें. ह्या सोयीचें भाषेंत रूपांतर झालें तें १९५३ च्या नोव्हेंबरांत. वेब पियर्स ह्या गायकाच्या ‘स्लोली’ ह्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणांत बड आयझॅक्स ह्या वादकानें तारा वाजत असतांनाच पेडल दाबलें. आपल्या स्वरनामांनीं सांगावयाचें तर सा, ग, प हे तीन स्वर एकत्र वाजत होते. पाय खालीं गेला तसा सा आपल्या जागीं स्थिर राहिला, ग मींड घेत म वर गेला आणि त्याच क्षणीं प हि धैवतावर चढला. कानांपुढें एक स्वरसंघ वितळून दुसरा तयार झाला. कांडीनें हें होणें शक्य नाहीं. कारण कांडी सरकली कीं सगळेच स्वर सरकतात. एक स्वर थांबलेला आणि दोन चालते, हें रूप लोकांनीं प्रथमच ऐकलें. १९५४ मध्यें तें गाणें फार गाजलें, आणि अमेरिकेंतले स्टील गिटारवादक आपापल्या वाद्यांना घाईघाईनें पेडलें जोडूं लागले असें सांगतात.

आयझॅक्सनें हे दोन्ही पालट एकाच पेडलावर ठेविले होते. बडी एमन्स ह्या तरुण वादकानें ते दोन पेडलांवर वांटून दिले. त्यामुळें ग आणि प यांस स्वतंत्र हालवितां येऊं लागलें. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यानें शॉट जॅक्सन याच्याबरोबर शो-बड नांवाचा कारखाना काढला आणि १९६३ मध्यें तो सोडून स्वतःच्या नांवाचा दुसरा कारखाना उभारला. ह्याच काळांत गुडघ्यानें ढकलावयाच्या तरफा आल्या. १९५७ च्या सुमारास फेंडर कंपनीनें सळयांऐवजीं पोलादी दोर आणि कप्प्या वापरल्या. सुमारें वीस वर्षांत इतक्या प्रकारचीं यंत्रें निघालीं कीं एका कारखान्याचें वाद्य जाणणारा दुसऱ्याच्या वाद्यापुढें अडखळावा. ह्यांतील पुष्कळ यंत्रें आज कोणी करीत नाहीं. जीं उरलीं आहेत तींच त्या प्रयोगांचीं अस्सल साधनें होत.

आतां त्या उताण्या पेटीकडे वळूं. पेडलापासून निघालेली उभी सळई पेटींतील एका आडव्या दांड्याला फिरविते. त्या दांड्यावर लहान तरफा असतात. प्रत्येक तरफेंत ओळीनें तीनचार भोंकें. भोंकांत अडकविलेली लांब सळई उजव्या टोंकाकडे जाते. तेथें एका पोलादी आंसावर प्रत्येक तारेसाठीं ॲल्युमिनियमचें एकेक बोट बसविलेलें असतें, आणि तार ह्या बोटाच्या माथ्यावरून वळून खालीं जाते. सळई ओढली कीं बोट आंसाभोंवतीं किंचित् फिरतें आणि तार ताणली जाते. सूर उतरविण्यासाठीं बोटाला दुसरा जोडभाग असतो. तो ओढला कीं तार सैल पडते, आणि सोडतांच स्प्रिंग त्याला जागेवर आणिते. तारेचें डावें टोंक खुंटीकडे जातांना एका लहानशा फिरत्या चक्रीवरून जातें. ह्या सर्व हालचाली अगदीं थोड्या अंतराच्या असतात. म्हणूनच धुळीचा पातळ थरहि येथें मोठा शत्रु ठरतो.

दोष कोठें आहे हें डोळ्यांपेक्षां कान अधिक चांगलें सांगतो, ही गोष्ट आम्हांस तेथें शिकावयास मिळाली. सूर चढवून सोडला आणि तो थोडा चढाच राहिला, तर बोट आंसावर चिकटलें आहे असें समजावें. उलट सूर चढवून सोडल्यावर तो मूळ जागेच्याहि खालीं उतरला, तर दोष दुसऱ्या टोंकाच्या चक्रीचा. ती फिरत नसल्यामुळें चढवितांना खुंटीकडून ओढली गेलेली तार परत मागें सरकत नाहीं, आणि वाजत्या भागांत तारेची लांबी किंचित् अधिक राहते. सूर उतरवून सोडला असतां हीच दोन्ही चिन्हें उलट होतात. वैद्यानें नाडी पाहावी तशी ही परीक्षा आहे. स्नेह्यांच्या वाद्यांत कांहीं तारांवर पहिलें चिन्ह होतें, दोन तारांवर दुसरें. म्हणजे यंत्र झिजलेलें नसून बहुतेक नुसतें कोंदलेलें होतें. नवें यंत्र बसविण्याचा सल्ला तेथेंच निकालांत निघाला.

कोंदण्याचें कारण मात्र मनास लागण्यासारखें होतें. पूर्वींच्या कोणी दुरुस्ती करणारानें प्रत्येक कुरकुरीवर जाड तेल ओतण्याचा उपाय केला होता. तेलानें कुरकुर त्या दिवसापुरती थांबते. पुढें तेंच तेल धूळ धरतें, वाळतें आणि डिंकासारखें होतें. ज्याला त्यानें औषध मानलें तोच रोग झाला. हें सारें काढण्याचें काम चार दिवस चाललें. प्रथम कागदावर प्रत्येक सळईचा नकाशा काढला: कोणती सळई कोणत्या तरफेच्या कितव्या भोंकांतून कोठें जाते. मग तारा उतरविल्या, स्प्रिंगा काढून क्रमवार मांडल्या. बोटें आंसावरून काढून उघड्या हवेंत, आसपास विस्तव नाहीं असें पाहून, नॅफ्थ्यानें आणि दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें धुतलीं. आंस कोरड्या फडक्यानें इतका पुसला कीं फडकें काळें होण्याचें थांबावें. चक्र्या एकेक काढून त्यांचीं भोंकें साफ केलीं. शेवटीं शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एकेक थेंब, आणि वरचें सांडलेलें लगेच पुसून टाकणें, एवढेंच वंगण. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव तरफा विशेष जपाव्या लागल्या, कारण अशा तरफा वयानें ठिसूळ होतात आणि स्क्रू थोडा अधिक आवळला तरी तडकतात.

बोटांच्या माथ्यांवर तारांनीं पाडलेल्या बारीक खांचा होत्या. त्या पूर्ण नाहींशा होईपर्यंत घासून माथे आरशासारखे करण्याचा मोह स्नेह्यांस झाला. परंतु अशा घासण्यानें माथ्याची गोलाई बिघडते, आणि ती बिघडली कीं सूर बिघडतो. म्हणून अगदीं बारीक कागदानें खांचेची धार तेवढी मोडली आणि खांच राहूं दिली. आमच्या मतें हें योग्यच झालें. कोणत्या तारेखालीं खांच खोल आहे ह्यावरून पूर्वींचा वादक कोणत्या तारांवर अधिक रमत असे हें कळत होतें. तेवढी एकच त्याची सही त्या वाद्यावर उरली होती.

एक चूक मात्र झाली, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. एका पेडलाला जोडलेल्या दोन सळयांपैकीं एक सळई तरफेच्या वेगळ्या भोंकांत होती. दोन्ही एकाच जातीच्या स्वराला चढविणाऱ्या, एक वरच्या सप्तकांतील बारीक तारेची, दुसरी खालच्या सप्तकांतील जाड तारेची. तेव्हां दोन्ही एकाच अंतराच्या भोंकांत हव्या, असें स्नेह्यांस वाटलें. आम्हीहि मान डोलाविली. पूर्वींच्या दुरुस्तींत गफलत झाली असेल असें ठरवून सळई ‘सुधारली’. वाद्य जोडून तारा लाविल्यावर पेडल दाबलें तर एक तार आधींच मुक्कामास पोंचे आणि दुसरी मागाहून रखडत येई. दोन चाली तारांत मध्यें क्षणभर बेसूर ऐकूं येई. मग उमज पडली. जाडीच्या फरकामुळें दोन तारांस तेवढाच स्वर चढण्यास निरनिराळें अंतर चालावें लागतें. दोघी एकदम निघून एकदम पोंचाव्यात म्हणून त्या अज्ञात कारागिरानें भोंकें निरनिराळीं निवडलीं होतीं. आम्हीं चूक म्हणून जी पुसली ती त्याची सूक्ष्म बुद्धि होती. नकाशा काढून ठेविला होता म्हणून सळई पुन्हां आपल्या भोंकांत गेली. नकाशा नसता तर ती बुद्धि कायमची हरपली असती.

जुन्या पोथीची नक्कल करणारा अपरिचित शब्द दिसला कीं तो ओळखीच्या शब्दानें बदलतो, आणि पुढच्या संशोधकास मूळ पाठाचा मागमूस राहत नाहीं, ही तक्रार आपल्याकडील दप्तरें धुंडाळणारांनीं वारंवार केली आहे. यंत्राच्या बाबतींतहि तोच न्याय लागू आहे. धूळ काढणें निराळें आणि पाठ बदलणें निराळें. जें आपणांस समजत नाहीं तें चूक आहे असें मानण्याची घाई करूं नये. समजेपर्यंत तें जसेंच्या तसें टिपून ठेवावें.

आपल्या देशाशीं ह्या वाद्याचा संबंध कितपत आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. पेडलांवांचूनची हवाई गिटार आपल्याकडे चांगलीच रुजली. हवाईचा वादक ताउ मो आपल्या कुटुंबासह १९४० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास राहिला होता. बंगालच्या मध्यमवर्गीय घरांत तिच्यावर गाणीं वाजविण्याची रीत पडली. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत व्हॅन शिप्ली यांनीं विजेच्या हवाई गिटारनें पुष्कळांस वेड लाविलें. ब्रिजभूषण काब्रा यांनीं तिच्यावर रागदारी वाजविली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची १९६७ ची ध्वनिमुद्रिका प्रसिद्धच आहे. परंतु पेडलें मात्र आपण घेतलीं नाहींत. ह्याचें कारण उघड आहे. आपणांस मींड हवी होती, ती कांडीच देत होती; स्वरसंघाचा पालट आपल्या गाण्याला नकोच होता. आपण चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडल्या, अमेरिकनांनीं पेडलें जोडलीं. एकाच झाडाच्या ह्या दोन फांद्या आपापल्या ऊन्हाकडे वांकल्या, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्याचें यंत्र घ्यावें कीं न घ्यावें ह्याचा निर्णय अनुकरणानें न करितां गरजेनें केला, हें आम्हांस आपल्या वादकांचें शहाणपणच वाटतें.

चौथ्या दिवशीं सायंकाळीं वाद्य सरळ उभें राहिलें. स्नेही वादनांत अद्याप नवशिके; त्यांनीं तीन तारा छेडल्या आणि पाय हळूच दाबला. सा थांबला, ग आणि प एकदम निघून एकदम पोंचले. पाय उचलला; दोघे न चुकतां घरीं परत आले. तें वाद्य कोणी घडविलें, त्या सळयांचीं भोंकें कोणीं निवडलीं आणि त्या तारांखालीं खांचा कोणीं पाडल्या, हें आम्हांस कळलें नाहीं. परंतु त्यांपैकीं एकाचेंहि काम आमच्या हातून पुसलें गेलें नाहीं, एवढें समाधान घेऊन आम्ही तेथून निघालों.